शिंगाळा, शिंगटी आणि कर्नल साईक्स

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने विज्ञान विभागाने प्रदर्शन भरविले होते. आम्ही वाणिज्य शाखेची मुले एरवी त्या इमारतीकडे फिरकत नाही. आमचा सारा जीव खतावणी आणि ताळेबंद यांत अडकलेला. पण त्या दिवशी चहाचा स्टॉल त्याच व्हरांड्यात लागला होता, त्यामुळे आत डोकावणे झाले. प्राणिशास्त्राच्या टेबलावर पिवळट पडलेल्या पाण्यात जनावरे बुडवून ठेवलेल्या बरण्यांची रांग होती. त्यांतल्या एका उंच बरणीत एक मासा उभा करून ठेवला होता. पसरट तोंड, लांब मिशा आणि अंगावर खवला एकही नाही. बरणीवरच्या चिठ्ठीत इंग्रजी लिपीत लॅटिन नाव होते. मी मराठी माध्यमातला, त्यामुळे असली नावे एकेक अक्षर जुळवीत मोठ्याने वाचण्याची सवय अजून गेलेली नाही. वाचले, मिस्टस सींघाला. आणि वाचता वाचता थबकलो. सींघाला म्हणजे आमचा शिंगाळाच की! आमचे गाव कृष्णाकाठी, चिकोडीच्या बाजूला. पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले की बाजारात हा मासा दिसतो आणि आमच्या घरी त्याच्या कालवणाची वाट पाहिली जाते. तोच शिंगाळा इथे परीटघडीचे कपडे घालून लॅटिन पंडितांच्या पंगतीला बसला होता.

त्या नावापुढे आणखी एक शब्द होता, साईक्स. तिथे उभ्या असलेल्या शास्त्र शाखेच्या मुलीने समजावून सांगितले की, एखाद्या प्राण्याचे वर्णन करून त्याला शास्त्रीय नाव ज्याने प्रथम दिले त्याचे नाव असे मागे जोडण्याची पद्धत आहे. म्हणजे आमच्या शिंगाळ्याच्या सातबाऱ्यावर कोणा साईक्साचे नाव चढलेले! हा कोण, कुठला, आणि त्याला आमच्या माशाचे मराठी नाव कोणी सांगितले, हे प्रश्न तेव्हापासून डोक्यात घर करून बसले. सुट्टीत ग्रंथालयात बसून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

विल्यम हेन्री साईक्स याचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडातील यॉर्कशायरच्या एका घराण्यात झाला. १८०३ साली, म्हणजे आपल्याकडे मुलगा आठवीत असतो त्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून दाखल झाला आणि मुंबई इलाख्याच्या फौजेत आला. १८०५ साली लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला. त्या वेढ्यात हा पोरसवदा अधिकारी होता. भरतपूरच्या जाटांनी इंग्रजांचे चारही हल्ले परतवून लावले हे आपण शाळेत वाचलेले आहे. कोवळ्या वयात पदरी पडलेला अनुभव असा पराभवाचा होता.

पुढच्या पाच वर्षांत त्याने एक गोष्ट केली, तिच्यावाचून हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. १८१० पर्यंत तो हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाषा म्हणून परीक्षा उतरला. कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकणे फायद्याचे होते, बढतीला उपयोगी पडे, त्यामुळे यात मराठीवरचे प्रेम वगैरे शोधण्याचे कारण नाही. पण भाषा कशासाठीही शिकली तरी ती कानात शिरतेच. आपल्या या सीमाभागातल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. आम्हीही कानडी शिकलो ती आधी बाजारासाठी आणि बससाठी.

नंतर १८१७ साल आले. ५ नोव्हेंबरला पुण्याजवळ खडकीच्या माळावर पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची फौज यांची गाठ पडली. मुळा-मुठेच्या संगमावर एल्फिन्स्टनची रेसिडेन्सी होती, ती त्या दिवशी जळाली. बापू गोखले लढत होते, आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. इंग्रजांच्या बाजूने देशी शिपायांची तुकडी घेऊन लढणाऱ्यांत साईक्स होता. त्याच महिन्यात पुणे पडले. पुढे डोंगरी किल्ले एकामागून एक घेण्यात आले, त्या मोहिमेतही तो होता. १८१९ साली त्याला कॅप्टनचा हुद्दा मिळाला.

इथे मराठी वाचकाला थोडे अडखळल्यासारखे होते. मलाही झाले. ज्याने आपले राज्य बुडविण्याला हात लावला त्याचे चरित्र आपल्या अंकात कौतुकाने का लिहावे? दोन दिवस हा लेख मी बाजूला ठेवला होता. शेवटी असे ठरविले की कौतुकाचा प्रश्न नाही. त्याने काय केले ते पुरे लिहावे, खडकीही लिहावी आणि मासेही लिहावेत.

१८२० मध्ये तो रजेवर गेला आणि चार वर्षे युरोपात हिंडला. १८२४ साली परतला तेव्हा एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. नवा मुलूख हाती आला होता, आणि तिथे पिकते काय, माणसे किती, वतने कोणाची, सारा किती बसवावा याची विश्वासार्ह माहिती सरकारजवळ नव्हती. ऑक्टोबर १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने साईक्सला मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमले. मोजणी हेच काम असलेला अधिकारी. आम्हां बी.कॉम.च्या मुलांना संख्याशास्त्राचा पेपर म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचे संकट वाटते, पण तो विषय जेव्हा नीट जन्मलासुद्धा नव्हता तेव्हा हा गृहस्थ दख्खनच्या गावोगाव हिंडून आकडे लिहीत होता.

त्याच्या मोजणीचा मुलूख चार जिल्ह्यांचा होता. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड. धारवाड हे नाव वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण आपला बेळगाव जिल्हा तेव्हा स्वतंत्र नव्हताच. १८३६ साली धारवाडातून तो वेगळा काढण्यात आला. म्हणजे साईक्सच्या वहीत आपलाही भाग होता, आणि एकाच वहीत मराठी मुलूख व कानडी मुलूख शेजारी शेजारी बसले होते.

त्याने काय काय लिहून घेतले याची यादी केली तर पान पुरायचे नाही. लोकसंख्या, जमीनधारे, वजने-मापे, पिके, मजुरीचे दर, पाऊस, उष्णतामान. हवेचा दाब दिवसाच्या ठरावीक वेळी कसा चढतो-उतरतो याची निरीक्षणे त्याने दख्खनच्या पठारावर घेतली, आणि त्यावरचा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख त्याने उतरवून घेतले. पाखरे तर इतकी जमविली की आज पक्षिशास्त्रात त्याच्या नावाचा चंडोल आहे, त्याच्या नावाचा रातवा आहे. त्या रातव्याला त्यानेच १८३२ साली महारट्टेन्सिस, म्हणजे मराठ्यांच्या मुलुखातला, असे नाव दिले. आपल्या तळ्याकाठी मान आखडून बसणारी ढोकरी, तिचेही पहिले शास्त्रीय वर्णन त्याचेच. पण पाखरांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते माशांविषयी, आणि त्यांतही मिशाळ माशांविषयी.

बिनखवल्याचे, तोंडाला मिशा असलेले हे मासे नदीच्या तळाशी वावरतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच, तेव्हा मिशांनी चाचपून आणि चव घेऊन ते अन्न शोधतात. पाठीवरच्या आणि छातीच्या परांना बहुतेकांत एकेक ताठ काटा असतो. तो लागला तर हात ठणकतो. लहानपणी शिंगटी धरायला गेलेल्या प्रत्येकाला हा धडा एकदा तरी मिळालेला असतो. आपल्याकडच्या माणसांनी या काट्याला शिंग मानले आणि त्यावरूनच मोठ्याला शिंगाळा व लहानाला शिंगटी म्हटले असावे, असे मला वाटते.

साईक्सने हे मासे मुख्यतः भीमा आणि तिच्याकडे धावणाऱ्या नद्यांतून मिळविले. त्याच्या लिखाणात मोटा मोला नावाची एक नदी वारंवार येते. पहिल्यांदा मला ती कुठे आफ्रिकेत वगैरे असावी असे वाटले. मग ध्यानात आले, ही तर मुळा-मुठा! ज्या नदीच्या काठाने त्याने १८१७ साली गोळीबार केला, तिच्याच काठी सात-आठ वर्षांनी तो जाळ्यात आलेले मासे पाहत उभा होता. भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेला मिळते, त्यामुळे मासे एकाच कुटुंबाचे. पुण्याचा शिंगाळा आणि आमच्या गावचा शिंगाळा हे भाऊबंदच.

आता नावांविषयी. त्या काळच्या शास्त्रज्ञांची पद्धत अशी की नव्या प्राण्याला लॅटिन किंवा ग्रीक शब्दाचे नाव द्यायचे, नाहीतर एखाद्या मित्राचे, आश्रयदात्याचे. साईक्सनेही काही माशांना अशी नावे दिली. खडबडीत कातडीच्या एका अजस्र मिशाळ माशाला त्याने यॅरेलचे नाव दिले. हा विल्यम यॅरेल लंडनमध्ये वर्तमानपत्रे विकण्याचा धंदा करी आणि उरलेल्या वेळात पक्षी व मासे अभ्यासी. धंदा सांभाळून शास्त्र करता येते, ही गोष्ट आम्हां वाणिज्यवाल्यांना लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या एका मिशाळ माशाला ब्रिटिश म्युझियममधल्या चिल्ड्रेनसाहेबाचे नाव मिळाले.

पण बहुतेक माशांच्या बाबतीत त्याने वेगळेच केले. नदीकाठच्या माणसांना तो त्या माशाचे नाव विचारी, ऐकू येईल तसे इंग्रजी अक्षरांत लिही, आणि तेच शास्त्रीय नाव म्हणून ठेवून देई. शिंगाळ्याचे सींघाला झाले, शिंगटीचे सींगटी झाले. घोगऱ्याचे गोग्रा झाले, कारण इंग्रजी कानाला आपला घ पेलत नाही. कुटर्नी आहे, ताकरी आहे, गूंगवारी आहे. मिशाळ मासे सोडून खवल्यांच्या माशांकडे गेले तर खुद्री, कोलस, मल्या, पोटेल, आणि नाकावर टेंगूळ असलेला नुक्ता. एका माशाच्या बाबतीत तर त्याने सबंध कुळालाच, म्हणजे प्रजातीलाच, रोहटी हे इथले नाव देऊन टाकले. चाळीसहून अधिक जातींची त्याची ती यादी मराठी माणसाने मोठ्याने वाचावी. कोणी भोई ओट्यावर टोपली उपडी करून आपला माल पुकारतो आहे असेच वाटते. घोगऱ्याला घोगरा का म्हणत असतील? या वर्गातले पुष्कळ मासे पाण्याबाहेर काढले की काट्याच्या सांध्यातून करकर आवाज काढतात. नाव देणाऱ्याने तो आवाज ऐकला असणार असा माझा अंदाज आहे.

हे काम चालू असतानाच डिसेंबर १८२९ मध्ये काटकसरीसाठी त्याची जागा रद्द झाली. आपल्याकडे जागा रद्द झाली की माणूस फाईल बांधतो आणि घरी जातो. साईक्सने सरकारकडून थांबण्याची परवानगी मागून घेतली आणि आकड्यांचा अहवाल पुरा होईपर्यंत भत्त्याशिवाय काम केले. जानेवारी १८३१ मध्ये ते संपले. मग तो रजेवर विलायतेला गेला, आणि १८३३ साली कर्नल म्हणून निवृत्त झाला. दख्खन त्याने पुन्हा पाहिले नाही असे दिसते, पण पुढची कित्येक वर्षे तो त्याच वह्या उलगडीत राहिला. चार जिल्ह्यांच्या आकडेवारीवरचा त्याचा मोठा निबंध १८३८ साली छापून आला, आणि माशांची वर्णने लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८३९ साली. १८४१ मध्ये त्याच माशांवर अधिक विस्ताराचा, चित्रांसह निबंध निघाला.

इथून पुढे माणसापेक्षा नावाची हकिगत अधिक रंगतदार आहे, म्हणून थोडे थांबून वर्गीकरणाचा नियम सांगतो. शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, हा आडनावासारखा. दुसरा शब्द जातीचा, तो त्या माशाचा स्वतःचा. नवे संशोधन झाले आणि मासा दुसऱ्या घराण्यातला आहे असे ठरले की आडनाव बदलते. पण ज्याने प्रथम नाव छापले त्याचा दुसरा शब्द सहसा हलत नाही. जो आधी नोंदवील त्याचा हक्क पहिला. आमच्या भाषेत बोलायचे तर पेढी बदलते, खातेदाराचे नाव तेच राहते.

साईक्सपुढे अडचण अशी होती की युरोपातल्या पुस्तकांत तेव्हा मिशाळ माशांचे जे कप्पे पाडलेले होते ते बरेचसे दक्षिण अमेरिकेतल्या माशांवरून पाडलेले होते. त्याने आपले मासे त्याच कप्प्यांत टाकले. शिंगाळ्याचे तोंड पसरट म्हणून तो प्लॅटिस्टोमा, शिंगटी पिमेलोडस, घोगरा आणि कुटर्नी फ्रॅक्टोसेफॅलस, ताकरी हायपॉफ्थॅल्मस. ही चारही घराणी अटलांटिकपलीकडच्या नद्यांतली. भीमेतला घोगरा आणि अ‍ॅमेझॉनमधला तांबड्या शेपटीचा राक्षसी मासा एकाच कुळातले, असा त्याचा अर्थ होत होता. अर्थात हे टिकणारे नव्हते. एकूण एक आडनाव गळून पडले.

शिंगाळ्याची तर फारच फरपट झाली. प्लॅटिस्टोमा हे नाव एका माशीला आधीच देऊन झाले होते, त्यामुळे ते मत्स्यशास्त्रातून कायमचेच बाद झाले. फ्रान्सिस डे याने १८७५ पासून भारतातील माशांवरचा मोठा ग्रंथ काढला, त्यात शिंगाळा मॅक्रोनेस झाला. पुढे कळले की मॅक्रोनेस हे नावही एका भुंगेऱ्याचे आहे. मग तो मिस्टस झाला. भारतातल्या महाविद्यालयांत त्याचे विच्छेदन करणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हेच नाव पाठ केले, आणि आमच्या बरणीवरची चिठ्ठी त्याच काळातली. त्यानंतर मोठ्या, लांबट अंगाच्या या माशांचे घराणे निराळे आहे असे मानून त्याला एओरिक्थिस म्हणू लागले. शेवटी १९९९ साली फेरारिस आणि रुंगे यांनी या घराण्याची फेरतपासणी केली. १९३९ याच वर्षी या माशांना दोन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी दोन नावे दिली होती. त्यांतले स्पेराटा हे नाव आधीचे, म्हणून तेच खरे धरले गेले. आज शिंगाळा स्पेराटा सींघाला आहे. मोजून पाच आडनावे झाली. माशी, भुंगेरा, वाद, फेरतपासणी, सगळे त्याच्या डोक्यावरून गेले आणि सींघाला जागच्या जागी राहिला. आमच्या शहराचेही इंग्रजी पाटीवरचे नाव २०१४ साली बदलले, पण घरात जो ज्या नावाने हाक मारीत होता तो त्याच नावाने मारतो. तसेच काहीसे.

शिंगटीची गोष्ट मात्र अशी सुखरूप नाही. साईक्सच्या आधी, १८२२ साली, फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनीच्या डॉक्टराने गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला होता. त्यानेही तिकडची बंगाली नावे उचलली होती, आणि शिंगटीसारख्याच एका माशाला कवासियस म्हटले होते. पुढच्या मत्स्यशास्त्रज्ञांना हे दोन्ही मासे एकच वाटले. एकच असतील तर आधी नोंदविलेले नाव खरे, नंतरचे रद्द. झाले, शिंगटी कवासियसमध्ये विलीन झाली. शतकाहून अधिक काळ पुस्तकांत आमच्या नदीतल्या शिंगटीला बंगालच्या माशाचे नाव चालत होते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, नियमच तसा आहे. पण मधल्या काळात या माशाविषयी जे जे लिहिले गेले ते परक्या खात्यावर जमा होत राहिले. दोन मासे वेगळे आहेत हेच माहीत नसेल तर त्यांतला एक कमी होत चालला तरी कळणार कसे? हिशेबात दोन खाती एक केली की एकातली तूट दुसऱ्याच्या शिलकेत झाकली जाते.

साईक्सच्या बाजूने साक्ष द्यायला मूळ मासेही नव्हते. त्याच्या पुष्कळ जातींचे मूळ नमुने आज कुठे आहेत हे ठाऊक नाही. उरले होते ते त्याचे शब्द, त्याची चित्रे आणि नदीचे नाव. ही त्याच्या कामातली मोठी उणीव म्हणावी लागते. पैसा न् पैसा लिहून ठेवणाऱ्या माणसाने पावती मात्र सांभाळली नाही! २००५ साली प्रोसांता चक्रबर्ती आणि हेओक ही इंग यांनी कवासियस म्हणून ठिकठिकाणच्या संग्रहांत ठेवलेले मासे काढून त्यांची नव्याने मापे घेतली. त्यांना आढळले की ही एक जात नव्हे. गंगेकडची खरी कवासियस निराळी, ब्रह्मदेशातली एक तर अगदीच नवी, आणि आपल्या दक्षिणेकडच्या नद्यांतली निराळी. या शेवटचीला नवे नाव देण्याची गरज नव्हती. ते १८३९ मध्येच छापलेले होते. मिस्टस सींगटी पुन्हा खात्यावर आली.

उत्तरायुष्याविषयी थोडक्यात सांगतो. १८३४ साली साईक्स रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये स्टॅटिस्टिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत तो होता, आणि १८६३ साली तिचा अध्यक्ष झाला. वेड्यांच्या इस्पितळांची पाहणी करणाऱ्या राजकीय आयोगावर त्याने १८३५ पासून दहा वर्षे काम केले. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आला आणि १८५६ मध्ये त्या मंडळाचा अध्यक्ष झाला. तेराव्या वर्षी कॅडेट म्हणून ज्या कंपनीत शिरला तिच्या सर्वोच्च खुर्चीत तो सहासष्टाव्या वर्षी बसला, आणि दोन वर्षांत कंपनीचे राज्यच संपले. १८५७ पासून अखेरपर्यंत तो स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा खासदार होता. चीनमधल्या ताइपिंग बंडखोरांची बाजू घेऊन त्याने लिहिले, हे वाचून मला आश्चर्य वाटले. खडकीच्या लढाईत असे काही त्याच्या मनात आले होते का, हे सांगायला काही साधन नाही. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये तो वारला.

त्याची मोटा मोला आज कशी आहे हे पुण्याला गेलेल्या प्रत्येकाने पुलावरून पाहिले आहे. धरणांनी अडविलेली आणि शहराचे सांडपाणी वाहणारी ती नदी आहे. साईक्सच्या यादीतल्या पुष्कळ जाती आता शहराच्या हद्दीत मिळत नाहीत. चिल्ड्रेनचे नाव दिलेला मासा जगाच्या संकटग्रस्त यादीत गेला आहे. नुक्त्याचीही तीच गत. शिंगाळा अजून टिकून आहे. नर नदीच्या तळाशी खड्डा करून पिल्ले राखतो असे म्हणतात, पण वाळू उपसणाऱ्या यंत्रांपुढे त्याची राखण किती चालणार?

दिवाळीच्या सुट्टीत मी साईक्सची यादी मराठी अक्षरांत उतरवून गावी नेली आणि घाटावर जाळे सुकवीत बसलेल्या एका वृद्ध भोईकाकांना वाचून दाखविली. शिंगाळा, शिंगटी, घोगरा म्हणताच ते माना डोलवू लागले. कुटर्नीला त्यांनी माझा उच्चार सुधारला. कटरना म्हणायचे. मल्या ऐकून हसले आणि दगडाला चिकटणारा तो, असे हाताने करून दाखविले. ताकरीपाशी जरा थांबले. हे नाव त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकले होते म्हणाले, मासा मात्र पुष्कळ वर्षांत जाळ्यात आलेला नाही. गूंगवारी त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी आपल्याकडून चार नावे अशी सांगितली की ती साईक्सच्या यादीत कुठेच नाहीत, आणि त्यांतली दोन कानडी होती. मी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आहेत.

साईक्सला ही नावे सांगणाऱ्या मुळा-मुठेच्या काठच्या माणसांपैकी एकाचेही नाव मला कुठे आढळले नाही. म्हणून या काकांचे नाव तरी लेखात द्यावे असे मनात होते. मी तसे त्यांना विचारलेही. त्यांनी जाळ्याची एक गाठ दाताने ओढून घट्ट केली आणि नको म्हणाले. माशांची लिही, म्हणाले.

परत आल्यावर प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. बरणीवर आता नवी चिठ्ठी आहे. मिस्टसच्या जागी स्पेराटा आले आहे. चिठ्ठी चिकटविणाऱ्याने जुनी नीट खरवडली नव्हती, त्यामुळे कडेला जुन्या शाईतले शेवटचे अक्षर अजून दिसते.